केदारनाथची पदयात्रा : गावपातळीवरील पूर्वतयारी

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला चांदूर बाजार तालुका अमरावती जिल्ह्यात संत्र्याच्या बागांसाठी जसा ओळखला जातो, तसाच यात्रांच्या परंपरेसाठीही ओळखला जातो. डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन महिनाभराहून अधिक काळ चालणारी बहिरमची यात्रा याच तालुक्यात भरते. प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराजांचे माधान याच तालुक्यातील. महाशिवरात्रीस खांद्यावर त्रिशूळ घेऊन मध्य प्रदेशातील पचमढीजवळचा चौरागड चढणे आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारची वाट तुडविणे हे वऱ्हाडातील अनेक कुटुंबांचे पिढीजात व्रत आहे. डोंगर चढून देवदर्शन घेण्याची कल्पना या भागाला नवी नाही.

अलीकडच्या काळात या यात्रांमध्ये केदारनाथची भर पडली आहे. पूर्वी एखाद्या गावातून एखादे वृद्ध दांपत्य आयुष्यात एकदा बदरी-केदारला जाऊन येई. आज शेतकरी, शिक्षक, बचत गटातील महिला आणि महाविद्यालयीन तरुण यांचे गटच्या गट हिमालयाकडे निघतात. देशभरातून येणाऱ्या यात्रेकरूंची संख्याही मोठी आहे. २०२३ च्या एका हंगामात १९ लाखांहून अधिक भाविकांनी केदारनाथचे दर्शन घेतले. परंतु चौरागड आणि केदारनाथ यांत मूलभूत अंतर आहे. चौरागडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर, तर केदारनाथची ३,५८३ मीटर आहे. केवळ पायांच्या बळावर हे अंतर भरून निघत नाही, त्यासाठी दिवसांची योजना करावी लागते. यात्रेचे यश किंवा अपयश बहुतांशी गाव सोडण्यापूर्वीच ठरते, हे ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी लक्षात घेणे अगत्याचे आहे.

जुनी यात्रा आणि नवी यात्रा

उत्तराखंड राज्याच्या रुद्रप्रयाग जिल्ह्यात, मंदाकिनी नदीच्या उगमाजवळ केदारनाथचे मंदिर उभे आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी पाच महाराष्ट्रात असल्याचे मराठी भाविक मानतात आणि उरलेल्यांपैकी सर्वांत उंचावरील म्हणून केदारनाथविषयी त्यांना विशेष ओढ वाटते. हा संबंध जुना आहे. अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांनी देशभरातील तीर्थक्षेत्री घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या, त्यांत केदारनाथच्या धर्मशाळेचाही समावेश होतो. मंदिराचे मुख्य पुरोहित, म्हणजे रावल, दक्षिणेकडील वीरशैव परंपरेतील असतात. उत्तर टोकाच्या या तीर्थाशी दक्षिणेचा संबंध असा शतकानुशतके टिकून आहे.

मोटाररस्ते होण्यापूर्वी यात्रेकरू ऋषिकेशहून पायी निघत. गंगेच्या व पुढे अलकनंदेच्या काठाने, चट्टीमागून चट्टी मुक्काम करीत, ते काही आठवड्यांनी केदारनाथला पोहोचत. मार्ग खडतर होता, आजारपण होते आणि परत येण्याची खात्री नसे. म्हणूनच निघताना देण्याघेण्याचे व्यवहार मिटविण्याची रीत होती. मात्र या संथ चालीचा एक मोठा लाभ होता. दररोज थोडे थोडे वर चढल्यामुळे शरीर विरळ हवेला हळूहळू सरावत असे.

आज ऋषिकेशहून सकाळी निघालेली मोटार त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत सोनप्रयागच्या परिसरात पोहोचते. दुसऱ्या दिवशी पायवाटेने चढून यात्रेकरू थेट साडेतीन हजार मीटरवर जातो. हेलिकॉप्टरने तर हेच अंतर काही मिनिटांचे होते. रस्त्याने वाट सोपी केली, परंतु शरीराला मिळणारा वेळ काढून घेतला. जो वेळ पूर्वी मार्गच देत असे, तो आता यात्रेकरूने स्वतः योजून ठेवावा लागतो. केदारनाथ यात्रेच्या नियोजनाचे मर्म एवढ्यात आहे.

उंचीचा शरीरावर होणारा परिणाम

चांदूर बाजार परिसराची समुद्रसपाटीपासूनची उंची चारशे मीटरच्या आसपास आहे. उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि त्या प्रमाणात प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही कमी होतो. केदारनाथ येथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू गावी मिळणाऱ्या प्राणवायूच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. ही तूट भरून काढण्यासाठी श्वास जलद होतो, हृदयाची गती वाढते आणि काही दिवसांत रक्तातही आवश्यक बदल घडतात. या बदलांना अवधी मिळाला नाही तर त्रास सुरू होतो.

डोकेदुखी, मळमळ, अन्नावरील वासना उडणे, चक्कर, असाधारण थकवा व झोप न लागणे ही उंचीच्या आजाराची पहिली लक्षणे होत. ती बहुधा उंचावर पोहोचल्यानंतर काही तासांनी दिसू लागतात. त्यामुळे दर्शनाच्या वेळी ठीक असलेली व्यक्ती त्याच रात्री आजारी पडू शकते. अशा वेळी आणखी वर चढू नये, विश्रांती घ्यावी आणि लक्षणे वाढल्यास खाली उतरावे, हा साधा नियम आहे. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला येणे, ओठ निळसर पडणे, बोलण्यात असंबद्धता येणे किंवा सरळ रेषेत चालता न येणे ही धोक्याची चिन्हे समजावीत. अशा व्यक्तीस रात्र असली तरी तातडीने वैद्यकीय पथकाकडे न्यावे आणि शक्य तितक्या लवकर खालच्या उंचीवर आणावे. प्राणवायूच्या नळीने वेळ मिळतो, परंतु खाली उतरविणे हाच खरा उपाय आहे.

साधारणतः अडीच-तीन हजार मीटरच्या वर गेल्यानंतर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. केदारनाथच्या वाटेवर हा नियम तंतोतंत पाळता येत नाही, कारण गौरीकुंड सुमारे १,९८० मीटरवर आणि मंदिर ३,५८३ मीटरवर असून मधले अंतर एका चढाचे आहे. म्हणून दोन पर्याय उरतात. पहिला, वर जाण्यापूर्वी मध्यम उंचीवर दोन रात्री काढणे आणि चढ दोन दिवसांत विभागणे. दुसरा, दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली येऊन झोपणे. वयस्क यात्रेकरूंसाठी हे दोन्ही पर्याय एकत्र अवलंबिणे श्रेयस्कर ठरते.

या सूचना अतिसावधपणाच्या वाटण्याचा संभव आहे. परंतु २०२२ च्या हंगामात उत्तराखंडातील चारधाम मार्गावर दोनशेहून अधिक यात्रेकरू प्रकृतीच्या कारणांनी मृत्यू पावले. हृदयविकार आणि उंचीवरील विरळ हवा ही त्यांतील प्रमुख कारणे होती.

वैद्यकीय तपासणी

निघण्यापूर्वी किमान दोन महिने प्रत्येक यात्रेकरूची तपासणी व्हावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा चांदूर बाजारच्या ग्रामीण रुग्णालयात रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन यांची तपासणी आणि पन्नाशी ओलांडलेल्यांचा हृदयालेख एवढे झाले तरी बऱ्याच गोष्टी आधीच उघड होतात. अनेकांना आपला रक्तदाब वाढलेला आहे हे प्रथम अशाच तपासणीत कळते. दोन महिन्यांच्या अवधीत औषधोपचार सुरू होऊन तो आटोक्यात येऊ शकतो. आठवड्यावर निघणे आले असता केलेल्या तपासणीचा असा उपयोग होत नाही.

विदर्भाच्या दृष्टीने एका आजाराचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार मेळघाटासह विदर्भातील अनेक समाजांत आढळतो. प्राणवायू कमी पडला की या विकारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि रक्तवाहिन्या तुंबतात. त्यामुळे सिकलसेलच्या रुग्णांना उंचावर जाणे अत्यंत धोक्याचे आहे. केवळ वाहक असलेल्या, एरवी निरोगी दिसणाऱ्या व्यक्तीलाही उंचावर प्लीहेचा तीव्र त्रास होऊ शकतो. ज्यांच्या कुटुंबात हा विकार आहे किंवा ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांनी ती करून घ्यावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून निघू नये.

अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, रक्तदाब नियंत्रणात नसलेले, तीव्र दमा वा तीव्र रक्तक्षय असलेले रुग्ण आणि गर्भवती महिला यांनी ही यात्रा टाळणे हिताचे आहे. मधुमेहींनी इन्सुलिन गोठणार नाही अशा रीतीने अंगालगत बाळगावे. चालू औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा दीडपट बरोबर न्यावीत व ती दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत. उंचीच्या आजारावरील प्रतिबंधक गोळ्या उपलब्ध आहेत, पण त्या सर्वांना चालत नाहीत. शेजाऱ्याने घेतल्या म्हणून त्या घेऊ नयेत.

तीन महिन्यांचा सराव

शेतात दिवसभर राबणाऱ्यास वेगळ्या सरावाची गरज नाही, हा समज सर्वस्वी खरा नाही. सपाट रानात काम करणे आणि सतत आठ-दहा तास चढ चढणे यांत वेगवेगळे स्नायू कामास येतात. तीन महिने आधीपासून दररोज अर्धा ते पाऊण तास जलद चालण्यास प्रारंभ करावा. दुसऱ्या महिन्यात पाठीवर पाच किलोपर्यंत ओझे घेऊन हे अंतर वाढवावे. आठवड्यातून एकदा चढाचा सराव करावा. त्यासाठी तालुक्याला दूर जावे लागत नाही. बहिरमची टेकडी जवळच आहे. परतवाड्याच्या पुढे चिखलदऱ्याकडे सातपुडा हजार मीटरपेक्षा उंच चढतो. तिसऱ्या महिन्यात संपूर्ण गटाने मिळून चिखलदरा परिसरात एखादा दिवसभराचा चढ केल्यास कोणाची चाल किती, कोण मागे पडतो आणि कोणाची पादत्राणे टोचतात हे गावाजवळच समजते.

नवी पादत्राणे यात्रेतच प्रथम घालू नयेत, सरावातच ती पायाला रुळवावीत. धूम्रपान, तंबाखू व खर्रा हे या काळात बंद करता आल्यास त्यासारखी दुसरी तयारी नाही.

हंगामाची निवड

मंदिराचे दरवाजे वैशाखात, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतात आणि भाऊबीजेस बंद होतात. उघडण्याची तिथी महाशिवरात्रीस ऊखीमठ येथील ओंकारेश्वर मंदिरात जाहीर होते. हिवाळ्यात केदारनाथची पूजा तेथेच होते. अर्थात महाशिवरात्रीपूर्वी निश्चित दिनांक धरून बांधलेला कार्यक्रम कच्चा समजावा.

मे महिन्यात वऱ्हाडात शेतीची कामे सैल असतात व शाळांना सुट्या असतात, म्हणून बहुतेकांचा कल त्याच वेळी निघण्याकडे असतो. नेमक्या याच काळात केदारनाथला सर्वाधिक गर्दी असते आणि निवासाची टंचाई भासते. शिवाय ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यातून निघालेले शरीर तीन-चार दिवसांत गोठणबिंदूजवळच्या रात्रींत जाऊन पडते. जुलै व ऑगस्ट हे दोन महिने अतिवृष्टीचे आणि दरडी कोसळण्याचे असल्याने ते टाळावेत. सप्टेंबरच्या मध्यानंतर पाऊस ओसरतो, हवा स्वच्छ होते आणि गर्दीही कमी असते. सोयाबीनची सोंगणी व कपाशीची पहिली वेचणी येण्यापूर्वीचा हा अवधी शेतकऱ्यांना जमण्याजोगा आहे. ज्यांना सुटीचे बंधन नाही अशा वयस्क यात्रेकरूंनी मे महिन्यापेक्षा या काळाचा प्रथम विचार करावा.

दिवसांचा आराखडा

सात-आठ दिवसांत यात्रा घडविण्याची आश्वासने अनेक ठिकाणी दिली जातात. चांदूर बाजारहून निघणाऱ्या गटाने चौदा दिवसांचा आराखडा डोळ्यांपुढे ठेवावा. पहिले दोन दिवस नागपूर व दिल्लीमार्गे हरिद्वार गाठण्यात जातील. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी सुरू होते, हे ध्यानात ठेवून दिनांक ठरवावेत. तिसरा दिवस हरिद्वार किंवा ऋषिकेश येथे विश्रांतीचा व कागदपत्रे पाहण्याचा असावा.

चौथ्या दिवशी ऋषिकेशहून देवप्रयाग, श्रीनगर व रुद्रप्रयाग या मार्गाने गुप्तकाशीपर्यंत सुमारे १८० किलोमीटरचा प्रवास करावा. देवप्रयागला भागीरथी व अलकनंदा एकत्र येतात आणि तेथून पुढे त्या प्रवाहास गंगा हे नाव मिळते. रुद्रप्रयागला मंदाकिनी अलकनंदेस मिळते. तेथून केदारनाथपर्यंत मंदाकिनीचेच खोरे सोबत असते. डोंगरी रस्त्यावर रात्रीचा प्रवास करू नये.

पाचवा दिवस गुप्तकाशी परिसरातच घालवावा. समोरच्या तीरावरील ऊखीमठाचे दर्शन घ्यावे, थोडे पायी हिंडावे. गुप्तकाशी सुमारे १,३०० मीटरवर आहे. सहाव्या दिवशी सोनप्रयागला पोहोचून जवळच्या त्रियुगीनारायण मंदिरास भेट द्यावी आणि सोनप्रयाग किंवा गौरीकुंड येथे मुक्काम करावा. खाजगी वाहने सोनप्रयागच्या पुढे जात नाहीत. तेथून गौरीकुंडापर्यंतचे पाच किलोमीटर स्थानिक जीपने जावे लागते.

सातवा दिवस चढाचा. गौरीकुंड ते केदारनाथ ही पायवाट १६ ते १८ किलोमीटरची आहे. २०१३ पूर्वी ती याहून कमी होती. त्या वर्षीच्या प्रलयात रामबाडा ही वस्ती वाहून गेली आणि त्यापुढची वाट मंदाकिनीच्या दुसऱ्या तीरावरून नव्याने काढावी लागली. जंगलचट्टी व भीमबळी ओलांडल्यानंतर लिंचोलीपर्यंतचा चढ सर्वांत तीव्र आहे. वयस्कांनी सातव्या दिवशी लिंचोलीसच थांबावे. तेथे राहुट्यांत मुक्कामाची सोय असते. आठव्या दिवशी पहाटे उरलेले अंतर चालून दर्शन घ्यावे आणि प्रकृतीचा कौल पाहून त्याच दिवशी पुन्हा खाली उतरू लागावे. नवव्या दिवशी गुप्तकाशीपर्यंत परत यावे.

दहावा व अकरावा हे दोन दिवस मुद्दाम मोकळे ठेवावेत. पावसाने वाट बंद झाली, दरड कोसळली, कोणी आजारी पडले, तर हे दिवस उपयोगी येतात. परतीच्या गाडीची तारीख गळ्याशी आलेली असली म्हणजे माणूस बंद वाटेवरही पाऊल टाकतो आणि ताप अंगावर काढून चढतो. अडचण आली नाही तर हेच दोन दिवस बदरीनाथच्या दर्शनासाठी घेण्याचा मोह होतो, तो मात्र आवरावा. उरलेले तीन दिवस परतीच्या प्रवासाचे समजावेत.

वाटेवरील शिस्त

चढ पहाटे सुरू करावा. हिमालयात दुपारनंतर हवामान बिघडण्याचा संभव अधिक असतो आणि ठरावीक वेळेनंतर यात्रेकरूंना पुढे सोडण्यात येत नाही. गटाची चाल ही सर्वांत सावकाश चालणाऱ्याची चाल असावी. पुढे एक व मागे एक असे दोन जाणते पुरुष किंवा महिला नेमाव्यात आणि मागच्याच्याही मागे कोणी राहू देऊ नये. खेचरे येताना डोंगराच्या बाजूस उभे राहावे, दरीच्या बाजूस कधीही थांबू नये. दगड घसरणाऱ्या टप्प्यांवर विश्रांती किंवा छायाचित्रणासाठी रेंगाळू नये.

उपवास करून चढणे हा अनेक श्रद्धाळूंचा आग्रह असतो, परंतु या वाटेवर तो प्रकृतीस अपायकारक ठरतो. गूळ-शेंगदाणे, दशम्या, लाडू असे थोडे थोडे खात राहावे. तहान लागली नाही तरी पाणी प्यावे. लोकरीचे कपडे, पूर्ण अंगाचा पावसाळी झगा, कानटोपी, विजेरी, शिट्टी व काठी एवढे सामान प्रत्येकाजवळ असावे. ओले कपडे अंगावर वाळू देणे गावी चालते, तेथे चालत नाही.

घोडा, खेचर, पालखी किंवा कंडी घ्यावयाची असल्यास ती शासनाने ठरविलेल्या दराने, नोंदणी केंद्रावरूनच घ्यावी व पावती जपून ठेवावी. थकलेले किंवा जखमी जनावर नाकारावे. त्यावर बसणे निर्दयतेचे तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे.

हेलिकॉप्टरची तिकिटे अधिकृत संकेतस्थळावरूनच मिळतात. बनावट संकेतस्थळांवरून फसवणूक झाल्याच्या तक्रारी दरवर्षी होतात. हेलिकॉप्टरने श्रम वाचतात, पण शरीराला उंचीशी जुळवून घेण्यास मुळीच वेळ मिळत नाही. हवामान बिघडल्यास उड्डाणे रद्दही होतात. १५ जून २०२५ रोजी गौरीकुंडाजवळ झालेल्या हेलिकॉप्टर अपघातात सात जणांचा मृत्यू झाला, त्यांत विदर्भातील यात्रेकरूही होते. खराब हवेत उड्डाण व्हावे म्हणून यात्रेकरूंनी आग्रह धरू नये.

नोंदीचे महत्त्व

१६ व १७ जून २०१३ या दोन दिवसांत केदारनाथ खोऱ्यात जे घडले ते विसरण्याजोगे नाही. मोसमी पाऊस नेहमीपेक्षा लवकर व प्रचंड प्रमाणात कोसळला. मंदिराच्या वरच्या अंगास असलेले चोराबारी सरोवर १७ जूनच्या सकाळी फुटले आणि पाणी, बर्फ व शिळांचा लोंढा वस्तीवर आला. उत्तराखंडात त्या आपत्तीत मृत व बेपत्ता झालेल्यांची संख्या पाच हजारांच्या वर गेली. मंदिर मात्र उभे राहिले. मागे अडकलेल्या एका अजस्र शिळेने प्रवाह दुभागला आणि ती आज भीमशिला म्हणून ओळखली जाते.

त्या वेळी शोधकार्यात एक मोठी अडचण पुढे आली. वाटेवर नेमके कोण, किती आणि कोठे होते याची एकत्रित नोंद नव्हती. देशभरातील गावोगावच्या कुटुंबांना आपली माणसे शोधण्यासाठी छायाचित्रे घेऊन हिंडावे लागले. यातूनच पुढे यात्रेकरूंची नोंदणी अनिवार्य झाली. उत्तराखंड पर्यटन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा भ्रमणध्वनीवरील उपयोजनावर ती विनाशुल्क करता येते. नोंदणीत खरा भ्रमणध्वनी क्रमांक, घरच्या व्यक्तीचा क्रमांक व असलेले आजार नमूद करावेत. आजार लपविल्याने परवानगी सुकर होत नाही, केवळ उपचार अवघड होतात. ३१ जुलै २०२४ रोजी ढगफुटीने पायवाट पुन्हा ठिकठिकाणी तुटली तेव्हा दहा हजारांहून अधिक लोकांना सुखरूप बाहेर काढता आले. हवामानाचे इशारे, हेलिकॉप्टरे आणि बचाव दले यांच्या जोडीला नोंदीचाही अशा वेळी आधार असतो.

ग्रामपंचायत व शाळा यांचे कार्य

शासकीय नोंदणीबरोबर गावातही एक नोंद असावी. ग्रामपंचायतीने साध्या वहीत गटातील प्रत्येकाचे नाव, वय, रक्तगट, चालू औषधे, घरचा संपर्क, मुक्कामांचा दिनक्रम आणि वाहनाचा तपशील लिहून ठेवावा. तिची एक प्रत गटप्रमुखाजवळ, एक ग्रामपंचायतीत व एक यात्रेकरूंच्या घरी राहावी. गावातील एक व्यक्ती संपर्कासाठी नेमावी आणि दररोज सायंकाळी ठरलेल्या वेळी गटाने तिला खुशाली कळवावी. डोंगरात संपर्क तुटणे स्वाभाविक आहे, म्हणून किती तास निरोप न आल्यास चौकशी सुरू करावी हेही आधी ठरवावे. अशा वेळी जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षाशी १०७७ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. प्रत्यक्ष मार्गावर ११२ व रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक प्रत्येकास पाठ असावेत.

गट वाहन भाड्याने घेऊन गावाहूनच निघणार असेल, तर व्यावसायिक वाहनास चारधाम मार्गासाठी लागणारे ग्रीन कार्ड व ट्रिप कार्ड मिळाले आहे का आणि चालकास डोंगरी रस्त्याचा सराव आहे का, हे पाहिल्यावाचून इसारा देऊ नये.

शिक्षकांना या कामी विशेष वाव आहे. संगणकावरील अर्ज भरण्यास वृद्धांना साहाय्य करणे हे त्यांतील एक काम होय. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे उंची, हवेचा दाब, हिमनदी व दरड या पाठ्यपुस्तकातील संज्ञा गावाच्या सभेत समजावून सांगणे. ज्या घरातील आजी-आजोबा केदारनाथला निघाले आहेत त्या घरातील विद्यार्थ्याला वायुदाबाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. नकाशावर मुक्कामांची ठिकाणे व त्यांची उंची दाखविणारी आलेखाकृती मुलांकडून करून घेतल्यास ती यात्रेकरूंनाही उपयोगी पडते.

राज्य शासनाने २०२४ मध्ये साठ वर्षे व त्यावरील नागरिकांसाठी मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना जाहीर केली. वार्षिक अडीच लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ज्येष्ठांना प्रतिव्यक्ती तीस हजार रुपयांपर्यंत लाभाची तरतूद तीत करण्यात आली. अशा योजनेची सद्यःस्थिती व अटी संबंधित शासकीय कार्यालयातून पडताळून घ्याव्यात. योजनेत शारीरिक पात्रतेचे वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले आहे. ते केवळ अर्जास जोडण्याचा कागद समजून मिळविले गेल्यास त्याचा हेतूच नष्ट होतो. सही करणारा वैद्यकीय अधिकारी, शिफारस करणारा लोकप्रतिनिधी आणि अर्ज भरणारे कुटुंबीय या सर्वांची जबाबदारी येथे सारखीच आहे.

स्वच्छता आणि परतीची जाणीव

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या संत गाडगे महाराजांनी यात्रेच्या ठिकाणी प्रथम झाडू हाती घेतला आणि तीर्थक्षेत्री गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या जिल्ह्यातील यात्रेकरूंनी हिमालयात प्लास्टिकच्या बाटल्या व खाद्यपदार्थांची वेष्टने टाकून येणे शोभणारे नाही. थंडीमुळे तेथे कचरा लवकर कुजत नाही आणि मंदाकिनीचे पाणी पुढे अलकनंदेतून गंगेत जाते. प्रत्येकाने स्वतःचा कचरा पिशवीत भरून खाली आणावा, एवढा नियम गटाने निघतानाच करावा.

आणखी एक गोष्ट निघण्यापूर्वीच गटात ठरली पाहिजे. वाटेत कोणाची प्रकृती बिघडली तर त्याच्यासोबत कोण परतणार, हे आधी निश्चित असावे. अर्ध्या वाटेवरून परतणे म्हणजे यात्रा निष्फळ झाली असे मानण्याची रूढी आहे. तिच्यापोटी कित्येक जण त्रास लपवितात आणि सोबतचेही थोडेच राहिले म्हणून धीर देत त्यांना पुढे नेतात. ज्यांना वर जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी ऊखीमठाचे ओंकारेश्वर मंदिर मोटाररस्त्यावर आहे. सहा महिने केदारनाथची पूजा जेथे होते, तेथील दर्शनास उणे मानण्याचे कारण नाही. कीर्तनकार, पुरोहित आणि गावातील वडीलधारी मंडळी यांनी ही गोष्ट अधिकारवाणीने सांगितल्यास तिचा परिणाम कोणत्याही शासकीय सूचनेपेक्षा अधिक होईल.

सोनप्रयाग ते केदारनाथ या सुमारे तेरा किलोमीटरच्या रज्जुमार्गास केंद्र शासनाने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. तो मार्ग पूर्ण झाल्यावर चढाचे श्रम कमी होतील. उंची मात्र तीच राहील आणि शरीराला लागणारा अवधीही तोच राहील. त्यामुळे तपासणी, सराव, मोकळे दिवस व गावातील नोंद यांची आवश्यकता तेव्हाही कमी होणार नाही.

यात्रेहून परतल्यावर मावंदे करण्याची व गंगापूजनास गावाला बोलाविण्याची चाल वऱ्हाडात आजही आहे. त्या पंगतीला गटातील सर्व जण बसलेले असावेत, यासाठीच ही सारी पूर्वतयारी आहे. पंगत उठल्यावर गटप्रमुखाने आपले अनुभव, मुक्कामांची माहिती व आलेल्या अडचणी ग्रामपंचायतीच्या त्याच वहीत लिहून ठेवाव्यात. पुढील वर्षी निघणाऱ्यांना याहून विश्वासार्ह मार्गदर्शन दुसरीकडे मिळणार नाही.